शॉवरला पाणी नव्हतं

आमी मूळचे उदगीरकडले, पर बापानं बेगम बाजारात हमाली धरली अन् आमी हैदराबादचेच झालो, घरात मराठी, बाहेर तेलुगू-उर्दू. मी शहराबाहेरच्या औषधाच्या कारखान्यात लागलो. तवा देश खुला झाला म्हणत व्हते, माल परदेशी जायला लागला अन् आमच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या झाल्या. काय खुला झाला, काय सांगू तुमाला!

काम कॉस्टिक सोड्याचं. पांढऱ्या पापड्या, टाकीतल्या पाण्यात जरा जरा सोडायच्या, पाणी आपोआप तापतं. कातडीला लागलं तर साबणावानी गुळगुळीत लागतं अन् आत खात जातं. जुना मेस्त्री म्हणायचा, खाराला आंबट मारतं. म्हणून टाकीपाशी चिंचेच्या पाण्याची बादली असायची, हातावर उडालं की बुडवायचो. दुसरं कुणी शिकवलं व्हतं आमाला? परदेशी गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून अंगावर सोडा उडाला तर धुवायला एक शॉवर तेवढा लावला, हिरवा रंग दिलेला, साखळी ओढली की पाणी पडणार म्हणे. त्याला पाइपच जोडला नव्हता हरामखोरांनी.

येल्लय्या माझा जोडीदार, भावावानी. एका दुपारी सुपरवायझर वरडला, जल्दी करो, अख्खी गोणी ओता. येल्लय्यानं ओतली. टाकी उसळली, सोड्याचं पाणी त्याच्या डोळ्यांत गेलं. मी साखळी ओढली, ओढली, थेंब नाही. मंग मी चिंचेचं पाणी मारलं त्याच्या डोळ्यांत, मी, ह्या हातानं, तो वरडत व्हता अन् मी आनखी मारत व्हतो. पलीकडं पिण्याच्या पाण्याचे दोन माठ भरलेले व्हते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, साधं पाणी ओतत राहायचं व्हतं, लई वेळ, बास.

दोन्ही डोळे गेले. कंपनीच्या चौकशीत मी काही लपवलं नाही. म्हटलं, साहेब, चिंचेचं पाणी मीच टाकलं, पर शॉवर कोरडा व्हता अन् गोणी तुमच्याच माणसानं ओतायला लावली. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, मी सही केली. येल्लय्याच्या बायकोनं तो कागद वकिलाकडनं वाचून घेतला, तर त्यात एवढंच, चिंचेचं पाणी मी टाकलं. म्हणून कंपनीची चूक नाही, म्हणून येल्लय्याला भरपाई नाही.

नोकरी मी सोडली, आता अफझलगंजात गाडीवर केळी विकतो. रविवारी येल्लय्याकडं जातो. तो म्हणतो, जाने दे रे, तूने तो बचाने को डाला. मला त्याचाच राग येतो, दोन शिव्या तरी दे म्हणावं. देव त्याला सुखात ठेवो. तुमी लिहिताय ना? मंग पुरं लिहा, माझं बी लिहा, कंपनीचं बी लिहा, अन् माझी सही घ्यायच्या आधी मला वाचून दाखवा.