बशीची माळ

शेलूबाजारच्या थांब्यावर मोटारीची वाट पाहत जानराव मास्तरांनी पेपर उघडला होता. पण कान मात्र बाकाच्या दोन टोकांना बसलेल्या बायांकडे होते. एक सोजरबाई पाटलीण, दुसरी तिच्या शेतात निंदायला येणारी तांड्यावरची नानीबाई.

“नाने, गळ्यातली निळी फुलं कुठची वं?”

“तुमच्याच उकिरड्यावरची, पाटलीणबाई. बशी फुटली नाई का? तुकडे दगडावर घासले, भोकं पाडली, दोऱ्यात ओवले.”

“तुमाले च्या द्यासाठी ओसरीत वेगळी ठेवेल होती, ते?”

“तेच.”

“एक दिवस मले दे. उद्या पोरीले पाह्याले पाहुणे येऊन राह्यले. गळ्यात काईच नाई तिच्या.”

“पन त्या बशीले तं तुमी हातई लावत नोत्या!”

“ते बशी होती वं. हा दागिना होय.”

“मंग घ्या.”

“थांब! हातात नको देऊ. वरून टाक.”

“वरून टाकली तं फुटन ना, बाई!”

मोटार आली, भरली, गेली. मास्तर चढायचेच राहिले. सोजरबाईचा हात अजून पुढेच होता.