जाळीचे हेडफोन

बिश्केकला मिनीबसच्या रांगेत उभ्या बेगिमाईला पुढच्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं: लग्नांत गाणारा एसेन आणि त्याला घरी रेकॉर्डिंगसाठी माइक विकलेला दुकानदार.

“दादा, तुमच्या माइकवरचं रेकॉर्डिंग काल लग्नात लावलं आणि अब्रू गेली माझी!”

“घरी रेकॉर्डिंग करताना हेडफोन कुठले लावलेस?”

“चांगले महागातले, जाळीचे. कान तापत नाहीत.”

“अरे शहाण्या, जाळीतून आवाज बाहेर येतो! तोही माइकनं टिपला. कानात काय चालू होतं?”

“माझ्या उस्तादांचं गाणं. सूर धरायला.”

“म्हणजे काल लग्नात रेकॉर्डिंग लावून तू नुसते ओठ हलवलेस आणि मागून उस्ताद गायले?”

“अगदी बारीक आवाजात, दादा.”

“मग कळलं कुणाला?”

“नवरीच्या आजीला. ओरडली, मागचा बरा गातोय, पुढच्याला गप्प करा!”