यमुना काय जेवायची?

बसा, सगळे बसा. नानाभाऊ, मागच्या शोकसभेला तुम्ही विसरून गेलेली काठी अजून इथेच शाळेच्या कोपऱ्यात आहे. मास्तर तिचा भलताच उपयोग करतात म्हणे. आज आठवणीनं घेऊन जा.

हसलात, बरं झालं. मला तेवढाच धीर. सुनेसाठी सासूनं उभं राहून बोलायचं, हे उलटं काम आहे. जीभ उचलत नाही. पण इतका वेळ तुमचं बोलणं ऐकून माझं डोकं तापलं आहे, म्हणून उठले.

जो उठला तो माझ्या यमुनेच्या भरितावर बोलला. पंगतीचं भरीत एकटी करायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापताना हात थांबत नव्हता. सगळं खरं. आता मी एक विचारते. यमुना स्वतः काय जेवायची? कोणी पाहिलं?

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनीही हेच विचारलं. तिथे तिचा नवरा होता, थोरला दीर होता, मी होते. मुलगा म्हणाला, "आम्ही जेवतो तेच." बाई म्हणाल्या, "तेच म्हणजे काय? किती?" तो माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीकडे. वीस वर्षं एका घरात राहून आम्हा तिघांना सांगता येईना.

आज सांगते. भरीत पंगतीत संपायचं. तिला उरायची करपलेली भाकरी आणि ठेचा. पालेभाजी पुरुषांच्या ताटात, राहिली तर मुलांना. त्याच्यावर पाच बाळंतपणं. ओठांचे कोपरे चिरलेले, नखं चमच्यासारखी खोलगट. एकदा चुलीमागची माती खाताना सापडली. मी म्हटलं, "काय गं, चूल खाऊन संपवतेस का?" ती म्हणाली, "आत्याबाई, तेवढीच उरते." आम्ही साऱ्या हसलो. तीही हसली.

मग घास अडकायला लागला. भाकरी पाण्यात कुस्करून गिळायची. शेजारीण म्हणाली, "बठ्ठं नाटक शे, सगळं सोंग." मी तिला गप्प केलं नाही. मलाही तसंच वाटत होतं. दोन वर्षं वाटत होतं.

बाईंनी तपासलं आणि मला जवळ बसवून सांगितलं, "आजी, हिच्या रक्तात लोह फार कमी आहे, आजचं नाही, वर्षानुवर्षांचं. त्यानं गळ्याचं आतलं अस्तर झिजतं, गिळता येत नाही. अशा काही बायकांना पुढे तिथेच कॅन्सर होतो. हिलाही झालाय. त्यामुळेच झाला, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ही उपाशी होती, हे छातीठोक सांगते."

मघाशी आबा म्हणाले, देवाची मर्जी. आबा, देवाला मध्ये आणू नका. देवानं मेथी दिली, अंबाडी दिली. कोणाच्या ताटात वाढायची, ते देवानं ठरवलं नाही. ते मी ठरवलं. माझ्या सासूनं मला शेवटी बसवलं, मी हिला बसवलं. लोखंडी कढईत भाजी काळी पडते, पाहुण्यांत बरी दिसत नाही, म्हणून कढईसुद्धा मीच माळ्यावर टाकली. बाई म्हणाल्या, "त्याच कढईत शिजवा, आजी, तिचं लोह भाजीत उतरतं." तोवर तिला पाणीही उतरत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आता बोलून काय उपयोग? उपयोग ही बघा, इथे बसली आहे. यमुनेची सुशीला. तेरा वर्षांची. परवा हिच्या आईला निरोप देऊन आलो, तेव्हा मी हिचं तोंड पुसलं. हिच्याही ओठांचे कोपरे चिरलेत. वाढायला आता हीच उभी राहते. हिची शोकसभा मला ऐकायची नाही.

आता सगळे गप्प राहू. यमुना तुम्हाला वाढून दाराआड उभी राहायची, तुमचं शेवटचं ताट उठेपर्यंत. तितकंच गप्प.

झालं. आता ऐका. दहाव्यापर्यंत आमची चूल बंद, जेवण तुमच्याकडून यायचं. शिरा पाठवू नका. केळ्यांचे घड नकोत, आपल्या चोपडा तालुक्यात त्यांना काय तोटा. माळ्यावरची कढई मी घासून आणली आहे, ती पायरीवर ठेवली आहे. रोज एका घरानं न्यायची. तिच्यात मेथी करा, अंबाडी करा, हरभरे घाला, वर लिंबू द्या, त्यानं लोह अंगी लागतं. आणि जो डबा आणेल त्यानं सुशीला पहिली जेवेपर्यंत समोर बसायचं.

नानाभाऊ, आजचा दिवस तुमचा. काठी राहिली तरी चालेल, कढई न्या.