सत्कारात राहून गेलेलं गाणं

मी मूळचा देवणीचा. हाव, तेच, ज्या गावाच्या बैलाचं नाव साऱ्या मुलखात गेलं ते. आमचं घराणं दलालाचं, बापानं बैल विकले, आज्यानं विकले, पणज्यानं म्हणे निजामाच्या माणसाला एक वळू असा विकला की तो दरबारात शिरला अन् निजामच उठून उभा राहिला, आता हे मी बघितलेलं न्हाई, पण बापानं सांगितलं अन् बापाला खोटं पाडणारा मी कोण. सासऱ्याला पोरगा नव्हता म्हणून लग्नानंतर मी मुखेडला घरजावई आलो, अन् तवापासून मुखेडचाच. नाव मन्मथप्पा. बाजारात कुणालाही विचारा. न विचारता बी सांगतील.

तुम्ही ईरबाआण्णाचं विचारून राहिले ना, त्याच्याकडंच येतो. बैलावरून गेल्याबिगर मला कुठंच जाता येत न्हाई.

आण्णा गवंडी होता, मुखेडच्या पुढं एक वाडी हाय, तिथला. शाळेचं तोंड बघितलं ते शाळेची भिंत बांधताना. गाणं स्वतः जुळवायचा, चाल स्वतः लावायचा, पेटी स्वतः वाजवायचा, अन् हे सगळं डोक्यात, कागद न्हाई का पेन न्हाई. गिलावा करता करता थापीच्या तालावर ओळ जुळली की संध्याकाळी पेटीवर बसवायची. गात गात गिलावा केलेलं घर उन्हाळ्यात गार राहतंय, माझं घर बघा, मी आजवर कूलर घेतला न्हाई. बायकोनं घेतला, ती गोष्ट वेगळी.

त्याच्या दोन कॅसेटी निघाल्या अन् तिसरी सीडी. पहिली 'ढेकळाचं गाव', दुसरी 'दुसरी भाकर', तिसरी 'टॉवर आला'. बास. पण काय सांगू तुम्हाला, ह्या तिन्हीवर आम्ही जेवढं भांडलो तेवढं लोक वाटणीला भांडत न्हाईत. आम्ही म्हणजे तिघं. एक मी, दुसरा गफूरभाई, बसस्टँडसमोर पंक्चर काढतो तो, अन् तिसऱ्या अंगणवाडीच्या शांताबाई. गफूरभाईच्या दुकानात जुन्या टायरांवर आमची बैठक. गफूरभाई पहिलीवाला. त्यानं ती कॅसेट इतकी वाजवली की फीत झिजून पार पातळ झाली, एका बाजूचं गाणं लावलं की पलीकडचं बी मागून उलटं ऐकू यायचं, तर हा म्हणायचा, देखो मियाँ, एक टिकट में दो खेल.

शांताबाई दुसरीवाल्या. त्यात एक पोरगी म्हणती, आईनं भावाला वाढली दुसरी भाकर, मला म्हणाली पाणी पी. बाई म्हणायच्या, पोरींना वजनाच्या काट्याला लटकवते अन् हीच ओळ कानात येती, ह्या गवंड्याच्या पोटात कुणीतरी बाई बसलीय. गफूरभाई म्हणायचा, पहली में गाँव था, दुसरी में खाली रोना आया. तर बाई म्हणाल्या, गफूरभाई, तुमच्या घरात दुसरी भाकर कोण खातंय, भाभीला विचारून येऊ का? गफूरभाईनं जे तोंड ट्यूबमधी घातलं ते बाई जाईस्तोवर काढलं न्हाई.

अन् मी तिसरीवाला. गावात मोबाईलचा टॉवर येतो अन् माणसं एकमेकाच्या वट्यावर बसायची बंद होतात, असं त्यातलं गाणं. मी ते गोठ्यात लावलं तर माझा वळू टॉवरकडं तोंड करून असा हंबरला की तीन गावची रेंज गेली. हसा, हसा. गफूरभाई बी हसायचा.

मग आण्णाची बायको वारली अन् आण्णा गप झाला. वर्सामागून वर्सं गेली. भेटला की आम्ही म्हणायचो, आण्णा, चौथी कधी? तो म्हणायचा, हिरीचं पाणी आटल्यावर पोहरा सोडून काय करता. तर एके दिवशी बाजारात मी एका खोंडाचे दात बघून राहिलो होतो, अन् मागून आण्णा म्हणला, मन्मथ, एक जमलंय. माझ्या हातातून खोंड सुटलं. म्हणलं कसं हाय, एक ओळ तरी म्हण. म्हणला, न्हाई, हे चौघांत म्हणायचं गाणं हाय, लोक बसवा, मग म्हणतो.

बसवा म्हणल्यावर आम्ही काय लहान काम करतोय? म्हणलं सत्कारच करू. एका मंगल कार्यालयाचा मालक ओळखीचा, तो म्हणला चार वाजेपर्यंत फुकट घ्या, चारला लग्नाची हळद यायलीय. आम्ही अकराची वेळ ठरवली. आता अकरा ते चार, एवढ्यात तर माणूस मुखेडहून लातूरला जाऊन जेवून माघारी येईल.

पण सत्कार म्हणल्यावर पाव्हणा पाहिजे. पाव्हणा म्हणजे एक पुढारी, त्यांचं नाव राहू द्या. ते आल्याबिगर दिवा लावता येईना अन् ते आले दोनला. आण्णा खुर्चीवर बसलेला, डोक्याला फेटा, गळ्यात हार कानापर्यंत आलेले, मांडीवर पेटी. सायबांनी भाषणात आण्णाला सारखं विठ्ठलराव म्हणलं. मग शाल, मग नारळ, मग मानपत्र वाचलं, मग गफूरभाई उठला अन् पहिल्या कॅसेटवर बोलला, अन् चांगलं बोलला, रडला बी. मग शांताबाई दुसरीवर बोलल्या. मग मी. मी तर थोडक्यातच बोललो, अर्धा-पाऊण तास. वळूची गोष्ट सांगितली तवा हॉल नुसता उसळला, अन् गफूरभाई खालून ओरडला, झूट बोलता, ये तिसरी सबसे कच्ची है! मग मी त्याला उत्तर दिलं, मग बाई माईकवर आल्या. कोणतं गाणं मोठं ह्याच्यावर आम्ही स्टेजवरच जुंपलो, अन् लोक टाळ्या देऊन राहिले, काय सांगू, असा कार्यक्रम मुखेडात झाला न्हाई.

मधीच आण्णानं माझा सदरा ओढला. म्हणला, मन्मथ, म्हणू का आता? मी म्हणलं, आण्णा, दोनच मिनिटं.

तेवढ्यात दारातून हळदीच्या बायका आल्या, मागं डीजेचे डबे आले, अन् पोरांनी टेस्टिंग म्हणून असा दणका दिला की स्टेजवरचे नारळ गडगडत खाली गेले. मालक हात जोडून म्हणला, उठा आता. आम्ही आण्णाला बाहेर लिंबाखाली नेलं, म्हणलं इथं म्हण. लोक तर तवर एस.टी.कडं पळालेले. आण्णानं बघितलं, पेटीचा भाता दाबून कडी लावली. मला वाटलं चिडंल, शिव्या घालंल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हसला अन् म्हणला, लई चांगलं बोलले रे सगळे. लोकांला भुका लागल्यात आता, उपाशी माणसापुढं काय गावं. फेटा तसाच, शाल तशीच, साडेचारच्या गाडीत बसला. कंडक्टरला वाटलं नवरदेवाचा बाप हाय.

आम्ही ठरवलं, येत्या सोमवारी त्याच्या वाडीला जायचं, मोबाईलमधी गाणं भरून आणायचं. एक सोमवार बाजारात गेला. एक सोमवार गफूरभाईच्या पोरीला बघायला पाव्हणे आले. एका सोमवारी बाईंची मीटिंग निघाली. पोळा झाला, अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला, आण्णा सकाळी उठलाच न्हाई.

मातीला गेलो. आण्णाच्या सुनेला शांताबाईंनी हळूच विचारलं, ते गाणं तुझ्या कानावर पडलं का ग? ती म्हणली, मामंजी भिंतीपाशी काहीतरी गुणगुणायचे, पण माणूस आलं की गप. म्हणायचे, हे मुखेडला म्हणायचंय.

आताबी आम्ही टायरांवर बसतो. पहिली का तिसरी, आता कुणी काढत न्हाई. गफूरभाई म्हणतो, वो बीवी पे लिखा होगा, बाई म्हणतात पोरींवरच असंल, अन् मग दोघं माझ्याकडं बघतात. गफूरभाई तर आता गावात कुणाचाबी सत्कार असला की मागं उभा राहून ओरडतो, पहले गाना! लोकांला वाटतं म्हातारा बिथरला.

घ्या, चहा निवून गेला तुमचा. नांदेडला माघारी जायचंय तुम्हाला, देव तुमचं बरं करो, तुम्ही निदान ऐकायला आले. बाजारात नवी पोरं मला धरतात, म्हणतात मन्मथप्पा, तुम्ही तर आण्णाच्या जवळचे, ते राहून गेलेलं गाणं कसं होतं, सांगा की. आता मी जन्मभर म्हाताऱ्या बैलाला खोंड म्हणून विकलेला माणूस. रचायला बसलो तर असं गाणं सांगीन की ऐकणारा रडत घरी जाईल. पण ह्या एका ठिकाणी येत न्हाई तोंडात. म्हणतो, न्हाई बाबा ऐकलं. आम्ही बोलून राहिलो होतो.