डिझेलात मुरलेलं पाणी

धुकं म्हंजे कसलं धुकं पावणं, कळंब्याच्या तळ्यावरनं असं उठलेलं की म्हस हंबरल्याली ऐकू यायची, दिसायची न्हाय... आणि असल्या थंडीत मी बांधावर, मांडीवर काचंची बाटली घेऊन! का? तर पाणी खाली बसायची वाट बघत!

तुमास्नी सांगतो, माझ्या धाकट्या भावाची पोरगी प्रियदर्शनी, युनिवर्सिटीत शिकती, तिनं डिझेलात पाणी घातलं. जाणूनशान! आणि म्हणती कशी, "आण्णा, धूर कमी हुतोय. उद्या सकाळी सर बघाय येणार हाईत, तुमचं इंजान द्या." आता इंजान म्हंजे काय शेरडू हाय व्हय, दावं सोडून द्यायला? त्याच्या जिवावर माझा सगळा ऊस पाणी पितोय! डिझेल आणलं की बाटलीत धरायचं, पाणी तळाला बसू द्यायचं, वरचं तेवढं वतायचं, ही माझी जन्माची रीत. म्हटलं, "बाळ, दमानं. पाणी बसू दे, मग देतो."

"आण्णा, ते बसतच न्हाय!"

"बसंल की. घाई काय हाय?"

मग समजावाय लागली... पाण्याचं थेंब इतकं बारीक की डोळ्याला दिसत न्हाईत, भोवतीनं साबणासारखं औषध कडं करून उभं, तोंड पाण्याकडं, शेपूट डिझेलाकडं. एकाच तऱ्हेचं औषध घातलं तर कडं नीट जमत न्हाय, म्हणून दोन तऱ्हेचं. आणि मधल्या फटीत अल्कोहोल घुसलं की कडं वाकतंय, गच्च धरतंय. म्हटलं, "बाई, आमच्यात प्यालेला मदी घुसला की कडं मोडतंय!"

तिचं डिझेल बाटलीत धरून दिसभर बघितलं, बाटली गाईच्या डोळ्यागत नितळ. बसंल की, म्हटलं. आणि दुसऱ्या दिशी पहाटं त्या धुक्यात बघतोय तर बाटली पांढरी फेक! "फाटलं! फाटलं!" वरडत निघालो, पण माझी चाल म्हाताऱ्या बैलाची, तुमास्नी ठावं हाय... शेजारचा सयाजी, गावाला दूध घालतोय, त्याला आणि त्याच्या तानाबाईला बोलवून आणूस्तवर ऊन पडलं, आणि बाटली परत नितळ!

तानाबाई म्हणती, "आण्णा, डोळं दाखवून घ्या बघू एकदा."

प्रियदर्शनी म्हणती, "थंडीनं कडं सैल पडतंय आण्णा, ऊन लागलं की परत धरतंय." म्हंजे ह्या पाण्याला थंडीबी वाजती! मी म्हटलं, बसंल की... तर पोरीचा आवाजच बसका झाला. "दुसरं कुणी इंजान देईना झालंय. आज न्हाय चाललं तर माझं वरीस गेलं, आण्णा."

आता काय करता? ऊस एकीकडं, पोर एकीकडं... दिलं!

सर आलं, पट्ट्याला मोबाईल खोचलेला. पोरीनं तिचं डिझेल वतलं, हँडल मारलं. आता खोकंल, मग खोकंल, म्हणून मी कान लावून उभा... खोकतंय कशाचं? टुकटुक टुकटुक, पाटात पाणी पडाय लागलं, सरांनी मान हलवली, पोर डोळं पुसत हसली. आणि मी? बाटली उन्हाला धरून उभाच. बसंल की!

तवर सयाजीनं मला उसाच्या कडंला वडलं, हिकडंतिकडं बघितलं आणि कानाशी लागला, "आण्णा, तुमचं ऐकती पोरगी... दुधासाठी असलं कायतरी हाय काय, इचारता काय जरा?"