पेट्यांवर सॅम्पल कंपनी

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला आधी खटकलं ते इतकंच, की कॉम्प्युटरवर आमच्या आंब्याच्या पेढीचं नावच आलं नाही. लेबलं छापली, तर प्रत्येकावर 'सॅम्पल कंपनी'! बाहेर मुंबईचा ट्रक भरायला उभा.

मालक भाऊकाका म्हणाले, "काय गो, पेढी विकलीस की काय माझी?"

नवी नोकरी, गेलीच म्हटलं. प्रोग्राम लिहिणाऱ्या साठ्यांना मुंबईला ट्रंककॉल लावला. घंटा वाजतेय, वाजतेय... अखेर त्यांनी उचलला. मी रडतरडतच सगळं सांगितलं.

"आज काही वेगळं केलंत?"

"हापूसच्या फायली वेगळ्या ठेवायला कॉम्प्युटरवर नवी डिरेक्टरी केली. तिथूनच तुमचा प्रोग्राम चालवला."

"मग चूक माझी. नावाची फाइल प्रोग्रामच्या शेजारीच आहे, पण तो शोधतो तुम्ही असाल त्या डिरेक्टरीत. नाही सापडली की नमुन्याचं नाव छापतो, 'सॅम्पल कंपनी'. आता जुन्या डिरेक्टरीतून चालवा. पुढच्या फ्लॉपीत त्याला स्वतःचं घर ओळखायला शिकवतो."

लेबलं पुन्हा छापली, पेढीचं नाव आलं आणि ट्रक वेळेत सुटला. त्यात माझ्याकडून एक पेटी साठ्यांना होती. तिचं लेबल तेवढं मी हाताने लिहिलं.