येते म्हणणारी बाई

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जो माणूस राहायला आलाच नाही, नुसता पलीकडे निघालाय — त्याची वाट अडवायचा अधिकार कुणाला? सांगा! बरं, मग द्वारकाबाईंचं ऐका.

द्वारकाबाई उगले, आपल्या निफाडकडच्या. एकुलती लेक कावेरी परदेशात, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण लेकीला विमानात बसू देईनात, म्हणून माहेरच विमानात बसलं! डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी — पिशवी एवढी फुगलेली की मागे बाई दिसेना. हसा, हसा. पुढे हसू यायचं नाही.

मध्ये एक देश लागला. तिथे विमान बदलायचं. उतरल्या उतरल्या जावयाचा फोन — कळा सुरू झाल्या! दुसरं विमान विमानतळाच्या पलीकडच्या अंगाला, आणि तिकडे जायला त्या देशातून चार पावलं टाकावी लागतात. त्या चार पावलांचाही परवाना लागतो बरं का! ट्रान्झिट व्हिसा म्हणतात त्याला. आमच्यातून नुसते जा, थांबू नका, असा शिक्का. खिडकीत साहेब, शेजारी तोडकंमोडकं मराठी जाणणारा दुभाष्या.

साहेबानं विचारलं, इथून जाणार ना? दुभाष्यानं ते मराठीत सांगितलं. द्वारकाबाईंनी हात जोडले, "हो बाबा, येते मी."

झालं! अहो, निघताना आपल्यात 'जाते' म्हणतं का कुणी? म्हटलं तर घरातली म्हातारी अंगावर धावून येईल! पण दुभाष्यानं शब्द जसाच्या तसा सांगितला — बाई म्हणते, मी येते. साहेबाच्या कपाळाला आठी. येणाऱ्यांची खिडकी वेगळी, हा शिक्का जाणाऱ्यांचा. दुभाष्यालाही कळेना, 'जाते' एवढं म्हणा म्हणाला.

"लेक कळा देतेय माझी," बाई म्हणाल्या. "तिच्याकडे निघताना असं अभद्र कसं बोलू? जीभ नाही वळत."

बसवलं बाकावर! समोर तिकीट पडलेलं, त्यावर पुढचं विमान छापलेलं. ते वाचायला काय डोळे गहाण टाकले होते? पण नाही, तोंडानंच वदवून घ्यायचं! किती वेळ बसणार ती माउली? शेवटी उठली, काचेशी गेली. "जाते," म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडली. शिक्का पडला. विमान केव्हाच उडालं होतं.

पोचल्या तेव्हा बाळ पाळण्यात. दोघंही सुखरूप, देवाची कृपा! पण कावेरीनं एकच विचारलं, "आई, इतक्या हाका मारल्या तुला, कुठे होतीस गं?"

च्-च् करताय? थांबा! त्या साहेबाला शिव्या घालणं सोपं आहे, तो साता समुद्रापलीकडे. मागच्या महिन्यात मेंढरं घेऊन धनगर पलीकडच्या माळाला निघाले होते. तुमच्या गावच्या वेशीवर आडवा बांबू कुणी टाकला? कुठले तुम्ही, कशाला आलात, हे कुणी दरडावलं? त्यांच्यातली एक बाई सांगत होती, "दादा, ऱ्हायचं न्हाई, निस्तं पल्याड चाललोय." कडेवर तापानं फणफणलेलं पोर होतं तिच्या. आणि तुम्ही पारावर बसून बघत होतात!

माझ्यापुढे माना डोलवू नका. बांबू अजून तिथंच आहे, येताना मी त्याच्याखालून वाकून आलो. आज नामाचा गजर माझ्या तोंडून निघणार नाही. उठा, तो बांबू काढून या, मग टाळ हातात घ्या.